व्यायाम थांबवा असे सांगितल्यानंतर

नदीकाठच्या एका शहरात, एका संशोधनसंस्थेत, एकदा एक वृद्ध शास्त्रज्ञ स्नायूंच्या पेशींचा अभ्यास करीत होते. सदानंद उकिडवे त्यांचे नाव. माणूस चालतो, जिना चढतो, वजन उचलतो, तेव्हा त्याच्या स्नायूंच्या आत नेमके काय घडते, हा एकच प्रश्न त्यांनी तीस वर्षे धरून ठेवला होता. श्रमाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि तंतूंच्या कडेला निजलेल्या दुरुस्तीच्या पेशी त्या इजेने जाग्या होतात. त्या विभागतात, तंतू सांधतात, आणि त्यांतल्या काही पुन्हा आपल्या जागी जाऊन निजतात. म्हणून कष्ट करणारे शरीर झिजत नाही, उलट बळावते, असे ते व्याख्यानांतून सांगत. लोक ते ऐकून दुसऱ्या दिवशी पहाटे चालायला निघत.

सारिका भोईटे ही त्यांची विद्यार्थिनी. तिचे वडील साताऱ्याकडच्या एका शाळेत चौतीस वर्षे कवायतीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मांड्या झिजू लागल्या. आधी जिना चढताना कठड्याचा आधार लागू लागला, मग खुर्चीतून उठताना कुणाचा तरी हात. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आणि त्यावर औषध नाही हेही सांगितले. सारिकेने वडिलांना आपल्याजवळ शहरात आणले.

औषध नसले तरी निजलेल्या पेशी आहेत, असा विचार गुरुशिष्यांनी केला. याच आजाराचे चाळीस रुग्ण त्यांनी जमवले. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाने संस्थेच्या सभागृहात रोज सकाळी सात वाजता मेहनतीचा व्यायाम करायचा आणि दुसऱ्याने घरी हातपाय नुसते हलवायचे, असे ठरले. दोन वर्षे हे चालायचे होते. सारिकेच्या वडिलांचे, अण्णांचे, नाव व्यायामाच्या गटात निघाले, त्या दिवशी सारिकेने प्रयोगशाळेत पेढे वाटले.

सदानंदराव रोज सातच्या आधी हजर असत. एखाद्या सकाळी अण्णा म्हणत, "आज नको गं. पाय ओढतायत."

"अण्णा, तुम्ही पोरांना असं सोडायचात का? अजून पाच करा."

अण्णा दात आवळून अजून पाच करीत.

दोन वर्षे संपली. स्नायूंच्या नमुन्यांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक आणि गट होते. सारिका सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काच पाहत गेली. या आजारात दुरुस्तीच्या पेशी जाग्या होत होत्या, पण परत निजायला एकही जात नव्हती. दर व्यायामासरशी त्यांची जागा रिती होत होती. ज्यांनी मेहनत केली त्यांचे पाय, न केलेल्यांपेक्षा लवकर गेले होते. सतरा क्रमांकाच्या काचेत तिने अर्धा दिवस एक तरी पेशी शोधली. सापडली नाही. मग क्रमांकांची नावे उघडली. सतरा क्रमांक अण्णांचा होता.

ती गुरूंकडे गेली. "सर, मी त्यांना रोज अजून पाच करायला लावले."

सदानंदरावांनी काच फार वेळ पाहिली. 'यात तुझा दोष नाही' असे ते म्हणाले नाहीत. "मीही लावले," इतकेच म्हणाले.

सर्वांना पत्राने कळवावे, असे संस्थेचे संचालक म्हणाले. सदानंदरावांनी ते मानले नाही. त्यांनी सर्वांना सभागृहात बोलावले आणि उभे राहून सांगितले, "माझा तर्क चुकला. तुम्ही इथे घेतलेल्या कष्टांनी तुमचे पाय वाचले नाहीत, ते लवकर गेले. हा व्यायाम आजपासून थांबवा. मी तुमची क्षमा मागतो."

एका गृहस्थाने आपले हजेरीचे कार्ड जमिनीवर टाकले. चाकाच्या खुर्च्या एकामागून एक वळल्या आणि सभागृह रिकामे झाले.

परतताना रिक्षात अण्णांनी विचारले, "मग उद्यापासून किती करायचे?" त्यांनी ऐकले होते, पण ते मनात उतरले नव्हते.

"काहीच करायचं नाही, अण्णा."

घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर ते सारिकेशी बोलेनात. ती ताट ठेवी आणि नंतर उचलून नेई. तेही अर्धे भरलेलेच असे.

इकडे सदानंदराव दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सभागृहात गेले. त्यांनी स्वतः खुर्च्या मांडल्या आणि त्यांतल्या एकीवर बसून राहिले. कुणी आले नाही. नऊ वाजता त्यांनी खुर्च्या उचलून एकावर एक रचल्या. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असे संस्थेतले लोक हलक्या आवाजात म्हणू लागले.

दहाव्या दिवशी सारिका संशोधन सोडत असल्याचे पत्र घेऊन तिथे गेली. रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसलेले गुरू पाहून तिला राहवले नाही.

"सर, हे प्रायश्चित्त आहे का?"

"नाही. प्रायश्चित्त केले की करणाऱ्याला बरे वाटू लागते. मला बरे वाटायला नको आहे. या लोकांना मी आशा दिली तेव्हा रोज सातला इथे हजर होतो. ती काढून घेतली तेव्हा मात्र अर्ध्या तासात मोकळा झालो. ते गप्प राहून ऐकून गेले. पण त्यांना बोलायचे असेल. कुणाला विचारायचे असेल, कुणाला शिव्या द्यायच्या असतील. कुणाला ते आज सुचेल, कुणाला महिन्याने. त्या दिवशी इथे कुलूप दिसता कामा नये. चांगली बातमी सांगणारा निघून गेला तरी चालते, सारिका. वाईट बातमी सांगणाऱ्याने जागा सोडू नये."

"आणि कुणी आलेच नाही तर?"

"तर नाही आले."

सारिका पत्र हातात धरून उभी असतानाच दारात एक स्त्री आली. ती सकिनाबी. तिचा नवरा शिंपी होता. रोज व्यायामाला येई. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडल्याचे निमित्त झाले आणि तो गेला. सभागृहात काय सांगितले गेले, ते तिला दुसऱ्यांकडून कळले होते.

"मी त्यांना ढकलत आणायची," ती उभ्यानेच म्हणाली. "ते म्हणायचे, आज राहू दे. मी म्हणायची, डॉक्टरसाहेब वाट बघत असतील. नसतं आणलं, तर ते आज असते का?"

सदानंदराव उठून उभे राहिले. "असते, असे मला सांगता येणार नाही. पण त्यांचे पाय आणखी काही दिवस टिकले असते. एवढे खरे आहे."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"मला माहीत नव्हते. ते कळायला दोन वर्षे लागली, आणि ती वर्षे त्यांच्या पायांतून गेली. माझ्या नाही."

मग सकिनाबीने त्यांना खूप सुनावले. तिने त्यांची विद्या काढली, त्यांचे धड चालते पाय काढले, आणि शेवटी नवऱ्याला हाक मारावी तसे त्याचे नाव घेऊन ती रडली. सदानंदरावांनी एक शब्दही मध्ये घातला नाही. रडणे ओसरल्यावर तिने पाणी मागितले. सारिकेने आणून दिले.

"तुमचं कोण होतं यात?" सकिनाबीने तिला विचारले.

"माझे वडील. मीच आणायचे त्यांना."

सकिनाबीने तिच्याकडे पाहिले आणि शेजारची खुर्ची थोडी पुढे ओढली. दोघी बसल्या. धीर देण्याजोगे एकीकडेही काही नव्हते, आणि कुणी तसा आवही आणला नाही. नऊ वाजून गेले तरी त्या दिवशी खुर्च्या उचलल्या गेल्या नाहीत, आणि सारिकेचे पत्र तिच्याजवळच राहिले.

दुपारी सारिका घरी गेली. आजवर ती ताट ठेवून लगेच बाहेर येत असे, कारण वडिलांची पाठ तिला पाहवत नसे. आज ती खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"अण्णा, काय बोलायचं ते बोला. मी इथेच आहे."

ऊन खिडकीतून फरशीवर आले, सरकत भिंतीवर गेले. बऱ्याच वेळाने, भिंतीकडे तोंड ठेवूनच, अण्णा म्हणाले, "शेवटी शेवटी फार दुखायचं गं. तुला वाईट वाटेल म्हणून करत होतो."

सारिकेला धावत बाहेर जावेसे वाटले.

ती उठली नाही.