ऐंशीची डबी

"जपानात एकशे ऐंशीला लगाम, जर्मनीत अडीचशेला. मग आमच्याच टॅक्सीला ऐंशी का, उस्ताद?"

पिराजीनं हातातला पाना फळीवर आपटला.

गगनबावड्यातल्या बाबालाल उस्तादांच्या गॅरेजात त्यानं दोन वर्षं हात काळे केले होते. इंजिनातलं आपल्याला उस्तादांइतकंच कळतं, असं तो चारचौघांत छातीठोक सांगायचा. आज त्यानं भावाची टॅक्सी आणली होती. तो भाऊ, सर्जेराव, जाऊन बावीस दिवस झाले होते.

उस्ताद चहा पीत होते. "जर्मनीला निघालास काय?"

"चेष्टा नको. इंजिन तेच, कारखाना तोच. नुसती एक डबी बसवली की गाडी ऐंशीच्या पुढं हलत नाही."

"बरं. मग?"

"भर दुपारी दादाच्या छातीत कळ आली. मागच्या सीटवर निजवला आणि घाट उतरलो. वैभववाडीच्या दवाखान्यात पोचायला एकोणतीस मिनिटं लागली. ही डबी नसती तर विसात पोचलो असतो... हिनं माझा भाऊ खाल्ला."

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"काढू?"

"काढा."

बॉनेट उघडलं, थोड्या वेळानं मिटलं.

"झालं. ट्रायल मार."

काम झालं की ट्रायल, आणि ट्रायलला उस्ताद पुढच्या सीटवर, हा गॅरेजचा रिवाज. आज उस्तादांनी मागचं दार उघडलं, आणि गुडघे पोटाशी घेऊन सीटवर आडवे झाले.

"उस्ताद, तिथं नको..."

"घड्याळ लाव. दवाखान्यापर्यंत."

पिराजीनं दात आवळले आणि गाडी सोडली. घाटाच्या प्रत्येक वळणावर टायर ओरडले. चढणाऱ्या ट्रकांना त्यानं कट मारले. मागं उस्ताद या दारावरून त्या दारावर आपटत होते. पायथ्याला जरा सरळ रस्ता लागला, तर म्हशी आडव्या. काटा एकदाच अडुसष्टला टेकला, लगेच खाली आला.

दवाखान्याच्या फाटकात ब्रेक लागला.

बत्तीस मिनिटं.

"तुम्ही डबी काढलीच नाही," पिराजी म्हणाला. "मला फसवलंत."

उस्ताद कंबर धरून उठले. खिशात हात घातला, आणि काडेपेटीएवढी डबी त्याच्या तळहातावर ठेवली. तुटकं सील तिला अजून लोंबत होतं.

पिराजी डबीकडे बघत राहिला. मग घड्याळाकडे. मग पुन्हा डबीकडे.

"गाडी तीच," तो हळू म्हणाला. "रस्ता तोच, मीच चालवली. डबी असताना एकोणतीस... मग आज मोकळी असून बत्तीस कशी?"

उस्तादांनी मागच्या सीटवरची चुरगळलेली चादर हातानं नीट केली.

"आज मागं मी होतो, पिऱ्या."