ऑपरेशनला जातो

"...आणि मोबाइलवरच्या असल्या गप्पांनी गाठ विरघळते का, बाई?"

मगदूम सरांनी गिरणीच्या दारातूनच विचारलं. पस्तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलेला माणूस. चूक दिसली की हात शिवशिवायचा.

"नाही," अनुसयाक्का म्हणाली आणि चक्की बंद केली.

अक्का चौथी शिकलेली. नऊ वर्षांपूर्वी डावी छाती काढली. तेव्हापासून दळणं दळता दळता कॅन्सरवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालवते. बासष्ट माणसं. औषधाचं डॉक्टरलाच विचारायचं, हा तिचा कायदा. कुणी भोंदू काढा धाडला की चालता हो. पण केमोनं कुणाचं तोंड सोलून निघालं, घास उतरेना, की तिथली माणसं गार दहीभात सुचवतात आणि जेवलीस का, जेवलीस का म्हणून दिवसभर पिच्छा सोडत नाहीत. सख्खे 'धीर धर' म्हणतात आणि टीव्ही लावून बसतात.

सर म्हणाले, एका मित्राच्या घशात गाठ आहे, त्याच्यासाठी आपली चौकशी. बोलता बोलता गळ्यातला मफलर दोनदा सारखा केला. भर वैशाखात.

अक्कानं मफलरकडं बघितलं. पिठाचा हात पदराला पुसला, ग्रुप उघडून फोन पुढं केला.

"मित्राला म्हणावं, दोन शब्द लिही."

...

सर फोन घेऊन दारातल्या पोत्यावर टेकले. परवा ऑपरेशन. आवाज राहील याची डॉक्टरनं हमी दिली नव्हती. बायकोशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं: 'मी मगदूम सर. घशाचा कॅन्सर. परवा ऑपरेशनला जातो.'

फोन थरथरला. मग थांबेचना. मिरजेची कासारीण, निपाणीचा ड्रायव्हर, कोण कुठली माणसं... सगळ्यांचं एकच.

'येतो म्हणा, सर.'

सरांच्या कपाळाला आठी पडली. "'जातो' बरोबर आहे. वाक्यात काही चूक नाही."

"वाक्यात नाही," अक्का म्हणाली.

सरांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. मग खाली मान घालून पुन्हा लिहिलं: 'येतो.'

अक्का चक्की सुरू करायला वळली, तशी त्यांनी हळूच विचारलं.

"अक्का... आणि नाहीच आलो तर?"

बटनावरचा हात तिथंच थांबला.

"तर वाट बघू."