उघाडी नसलेला बांध

माझ्या गोष्टी म्हणजे नुसत्या थापा, असं चारचौघांत म्हणणाऱ्या सूनबाईनेच आज मला ओट्यावर आणून बसवलंय. नात रुसलीय, दोन दिवस तोंडातून शब्द नाही, तर म्हणे सांगा एखादी. सांगतो. हुंकार द्यायचा, मध्ये बोलायचं नाही.

एका राज्यात, खाऱ्या पाण्याच्या काठी, धैर्यसेन नावाचा राजा होता. राणी वारली तेव्हा त्याची लेक मेघावती आठ वर्षांची. ती रडू लागली की राजाच्या काळजाचं पाणी होई. मग शहाण्याने काय करावं? मांत्रिक बोलावला, लेकीचं रडू आणि राग एका शंखात कोंडला, शंख समुद्रात फेकला. समुद्राची गाजही तिच्या कानी नको, म्हणून किनाऱ्याला उंच बांध घातला.

बांध घालणारा म्हातारा धाकू म्हणाला, "महाराज, बांधाला उघाडी ठेवतो. भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते, आतलं पाणी निघून जातं. नाहीतर बांध आतूनच फुटतो."

"एक थेंब ये-जा करायचा नाही," राजा म्हणाला.

झालं. मेघावती रडेना, रागवेना. पण हसेनाही. एका पौर्णिमेला तिची पावलं दगडाची झाली. वैद्य म्हणाले, दगड काळजाला भिडला की राजकन्येची मूर्ती होणार.

खिडकीत एक पाणकावळा येऊन बसला.

"तुझा शंख समुद्रापाशी आहे. समुद्र तीन कामं सांगेल."

"चल," मेघावती म्हणाली, आणि दगडी पाय ओढत बांध ओलांडून गेली.

समुद्र म्हणाला, "माझी एक लाट घागरीत भर."

तिने भरली. वाकून पाहिलं, तर नुसतं पाणी.

"लाट कुठे गेली?"

"धरली की ती लाट राहत नाही. येऊ द्यावी, जाऊ द्यावी. आता दुसरं काम. वादळ उठवतो, तू तळाला जा आणि शंख आण."

दगडी पायांचा तेवढा उपयोग झाला, ती सरळ तळाला गेली. वर ताडमाड लाटा, खाली एक खेकडा आपलं बीळ साफ करत होता.

"वर काय चाललंय?" त्याने विचारलं.

"वादळ."

"बरं," खेकडा म्हणाला आणि कामाला लागला. तिला पहिल्यांदा वाटलं, आपल्यातही अशी एक निवांत जागा असेल. शेजारीच शंख पडला होता. तो उचलून, पाणकावळ्याच्या शेपटीला धरून ती वर आली.

"तिसरं काम," समुद्र म्हणाला, "शंख बापासमोर फुंक."

"महाराज रागावतील."

"रागावू देत. उधाण आलं तसं उतरतं."

दरबारात पोचेतो दगड कमरेच्या वर आला होता. तिने शंख फुंकला. आतून तिचाच आवाज आला, भरदरबारात.

"बाबा, मला आईची आठवण येते. तुम्ही तिचं नावही घेऊ देत नाही. मला तुमचा फार राग येतो."

मंत्र्यांनी माना खाली घातल्या. राजा सिंहासनावरून उतरला, तिच्या दगडी पायांशी बसला.

"चुकलो, बाळ. तुझं रडू मला सोसवेना, म्हणून मी तुझं तोंड बांधलं. मला माफ कर. मलाही तिची आठवण येते."

मग दोघं रडली, अगदी पोटभर. माशाचे खवले निघावेत तसा दगड सुटून पडला. मेघावती आपल्या पायांची बोटं हलवून बघत राहिली, मग हसली.

दुसऱ्या दिवशी धाकूने बांधाला उघाडी केली. तेव्हापासून रोज ओहोटीला बापलेक तिथे बसत, दिवसाचं बरंवाईट एकमेकांना सांगत, मग जेवायला जात. शेतं पिकली, होड्या परतल्या, राज्य सुखी झालं.

राजाने भरदरबारात माफी मागितली, तरी त्याचा मुकुट काही खाली पडला नाही. आता माझ्या गोष्टींना चारचौघांत थापा म्हणाल्याबद्दल माफी मागायची राहिलीय ती फक्त आमची सूनबाई, कुंदा.