मागच्या खोलीतला हुक्का

“आणि खिडकी कुणी लावली होती?” बाबांनी विचारलं.

सुहैल चटईची काडी उपसत राहिला.

“खिडकी कुणी लावली, विचारतोय.”

“त्यांनीच. बायकांनीच.”

“कशासाठी?”

“वास गल्लीत जाऊ नये म्हणून.”

बाबांनी मान हलवली. 

खाडीच्या मुखाशी टेकडी आहे. टेकडीवर दर्गा, दर्ग्याला लागून एक खोली, आणि त्या खोलीत दर्गा सांभाळणारे मुजावर दाऊदबाबा. गावातली बहुतेक माणसं लहानपणी त्यांच्यासमोर मांडी घालून अलिफ-बे शिकली. सुहैल सरगुरोह त्यांतलाच, थोडा लाडका. पुढे तो शहरात औषधशास्त्र शिकला, परत आला आणि बाजारात औषधांचं दुकान टाकून बसला.

गावातले निम्मे पुरुष आखातात नोकरीला. सुट्टीवर येताना ते अत्तर आणायचे, खजूर आणायचे. अलीकडे हुक्काही आणू लागले. तिकडे त्याला शिशा म्हणतात. रंगीत काचेचा, लांब नळीचा, दिवाणखान्यात ठेवला तर शोभून दिसणारा. त्यातली तंबाखू डब्यातून येते, सफरचंदाच्या नाहीतर पुदिन्याच्या वासाची. वास इतका गोड की ती कुणाला तंबाखू वाटत नाही.

सुहैलला वाटली. गावात हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

त्याने पत्रकं छापली. शाळेत बोलला, जमातीच्या सभागृहात, जमातखान्यात बोलला. रिक्षावर भोंगा बांधून गल्ल्यागल्ल्यांतून फिरला. पाण्यातून आला म्हणून धूर धुतला जात नाही, असं त्याने सांगितलं. एका बैठकीत माणूस सिगारेटच्या कित्येक पट धूर ओढतो. एकच नळी तोंडातून तोंडात फिरते, तिच्याबरोबर क्षयही फिरू शकतो. आणि वर ठेवलेल्या निखाऱ्याचा वायू रक्तात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही.

सगळं खरं होतं.

त्या दिवसांत तो एकदा टेकडीवर आला होता. उरुसाला दोन शब्द तुम्ही बोला, असं त्याने बाबांना सांगितलं. तुमच्या तोंडून आलं तर लोक घाबरतील.

बाबा तेव्हा अंगण झाडत होते. झाडता झाडताच त्यांनी विचारलं, “लोक तुला काय सांगतात?”

“लोक काय सांगणार? मी सांगतो, ते ऐकतात.”

बाबा पुन्हा झाडू लागले. उरुसाला ते काही बोलले नाहीत. सुहैलला राग आला. म्हातारा आता थकला, असं तो दुकानात कुणाकुणाला म्हणालाही.

मग एका शुक्रवारी जमातखान्यात त्याने बायकांचा विषय काढला. नवरे वाळवंटात घाम गाळतात आणि इथे काही घरांतल्या बायका संध्याकाळी पडवीत नळ्या ओढत बसतात, असं तो भोंग्यावरून म्हणाला. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण गाव केवढं, पडव्या किती… सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पडव्या रिकाम्या झाल्या.

मोहीम यशस्वी झाली, असं सुहैलला वाटलं. जमातीने त्याच्या गळ्यात हारही घातला.

हुक्का मागच्या खोलीत गेला होता. त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या, तसनीमच्या घरात. तिचा नवरा कुवेतला. खोलीला एक खिडकी, ती लावलेली. दाराला जाड पडदा, खालच्या फटीत फडका कोंबलेला. चार बायका आणि मध्ये निखारे.

झुबेदा नावाची शेजारीण पाणी आणायला उठली आणि उंबऱ्यावर कोसळली. तिच्या अंगाने दार उघडलं, म्हणून बाकीच्या वाचल्या. दोघी रांगत बाहेर आल्या. तसनीम आली नाही. तिला उचलून आणावं लागलं. ओठ हलत नव्हते, डोळे अर्धे उघडे होते.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू. थोडा आणखी उशीर झाला असता तर… ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सुहैलला ते पुरं करता येत होतं.

तसनीम वाचली. घरी आली. पण भावाशी एक शब्द बोलली नाही.

आणि आता सुहैल बाबांसमोर बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात अडकलेली. दोघांच्या मध्ये चटई होती आणि खाली खाडीवर भरती चढत होती.

“मी हे सगळं सोडतोय, बाबा,” तो म्हणाला. “थकलो.”

“बरं.”

“मी खोटं सांगितलं होतं का?”

“नाही. एक शब्दही खोटा नव्हता.”

“त्यांना माहीत होतं. पत्रक घराघरात होतं. निखारा कोंडलेल्या खोलीत घेऊन बसायचं नसतं, हे त्यात लिहिलं होतं. मग चूक कुणाची?”

 खाली एक होडी किनाऱ्याला लागत होती. माणसं उतरेपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले.

“तसनीम काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

“बोलतच नाही.”

“तू विचारलंस?”

“रोज विचारतो. असं का केलंस, म्हणून विचारतो.”

बाबांनी डोळे मिटले. खूप वेळ ते तसेच बसले. त्यांना झोप लागली असावी, असं सुहैलला वाटलं. तो उठायला लागला, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला.

“उठव मला. आणि ती काठी दे.”

टेकडी उतरायला त्यांना फार वेळ लागला. गुडघे धरले होते. मध्ये दोनदा ते थांबले आणि दोन्ही वेळा सुहैल घड्याळाकडे बघत उभा राहिला.

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज होऊन गेली होती. उन्हं कलली होती. बाबा तसनीमच्या घरासमोर आले, चपला काढल्या आणि सरळ पडवीत जमिनीवर बसले. गल्लीतून जाणाऱ्या माणसांनी सलाम केला. बाबांनी ओरडून आत चहा सांगितला, जणू रोजच येतात.

तसनीम डोक्यावर पदर घेत बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता. बाबांना बघून ती उंबऱ्याच्या आत बसली. भावाकडे तिने पाहिलं नाही.

बाबांनी हुक्क्याचं नाव काढलं नाही. पोराला दात आले का, विचारलं. विहिरीचं पाणी अजून मचूळ लागतं का, विचारलं. ती एका शब्दात उत्तरं देत होती. मग तिने आत जाऊन चहा आणला. बाबा बशीत ओतून सावकाश प्यायले.

सुहैलच्याने राहवलं नाही. “तसनीम,” तो म्हणाला, “डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू बाबांसमोर…”

बाबांनी बशी खाली ठेवली आणि आपला पंजा त्याच्या तोंडावर ठेवला.

जोरात नाही. धडा चालू असताना मध्येच बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर ते ठेवायचे, तसाच. तिशी उलटलेला सुहैल, बाजारात ज्याला लोक डॉक्टर म्हणत, बहिणीच्या पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर तसाच बसून राहिला. हात झटकावा असं त्याला वाटलं. पण बाबांचा हात झटकायला त्याचा हात उठेना.

बाबांनी पंजा काढला नाही.

तसनीमने मान वर केली. भावाचं ते ध्यान बघून तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग डोळे भरले. मग ती बोलू लागली.

आधी सगळं तुटक होतं. संध्याकाळ सरत नाही, म्हणाली. कुवेतहून फोन येतो, तोही घाईत. सासूला ऐकू येत नाही. दिवसभर कुणी ना कुणी हाक मारतं आणि प्रत्येक हाकेला उठावं लागतं. झुबेदाच्या घरी पहिल्यांदा हुक्का लावला, तेव्हा ठसका लागला, धूर आवडलाही नव्हता. पण तेवढा वेळ कुणी उठत नव्हतं. चौघी एका जागी बसायच्या आणि उगाच हसायच्या. धुरापेक्षा ते बसणंच हवं होतं. मग हळूहळू धूरही हवासा झाला. तो नसला की चिडचिड व्हायची, हात रिकामे वाटायचे.

जमातखान्यातलं भाषण गल्लीतूनच ऐकू आलं, ती म्हणाली. त्या रात्री नवऱ्याचा फोन आला. गावातून कुणीतरी त्याला कळवलं होतं. तो काय काय बोलला, ते तिने सांगितलं नाही.

“मग आम्ही आत बसायला लागलो,” ती म्हणाली.

सुहैलच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ते बाबांच्या बोटांवरून ओघळत होतं. बाबांनी पंजा काढला नाही.

“भाई, मी तुझं पत्रक वाचलं होतं.” तसनीम आता पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. “आत बसायला लागल्यापासून डोकं दुखायचं. रोज. कशानं दुखतं तेही कळत होतं. सोडायचं कसं, ते कळत नव्हतं. म्हणून दुकानात आले होते तुझ्या.”

तिने पदराने डोळे पुसले.

“तू भोंग्याची वायर गुंडाळत होतास. मी म्हटलं, एक विचारायचं आहे. तू म्हणालास, जमातखान्यातल्या कार्यक्रमाला ये, तिथे सगळं सांगणार आहे.”

गल्लीतून कुणाची तरी सायकल गेली. 

“जमातखान्यात बायकांना बसायला जागा नाही, भाई. तुला माहीत आहे.”

बाबांनी हात काढून घेतला.

सुहैल आता बोलू शकत होता.  त्याने थंड झालेला चहाचा कप उचलला, नुसताच धरून ठेवला, परत ठेवला. मग त्याने विचारलं, “आता दुखतं का डोकं?”

“थोडं.”

“कुठे?”

तिने कपाळाच्या बाजूला बोट ठेवलं. मग झोप कशी लागते, धाप लागते का, असं तो विचारत गेला. ती सांगत गेली. रात्री हुक्क्याची आठवण येते, तेव्हा छातीत कसं होतं, तेही तिने सांगितलं. यातलं काहीच त्याच्या पत्रकात नव्हतं.

थोड्या वेळाने झुबेदा आली, तिच्यामागून दुसऱ्या दोघी. सुहैलला बघून त्या गल्लीतच थबकल्या. तसनीमने त्यांना हात केला. त्या पडवीच्या कडेला, उघड्यावर, अवघडून बसल्या. सरगुरोहांच्या सुहैलसमोर काय बोलावं, त्यांना कळेना. बाबांनी झुबेदाला तिच्या कोंबड्यांबद्दल काहीतरी विचारलं आणि त्या गोष्टीवर बायका हळूहळू बोलू लागल्या. मगरीबची, सूर्यास्ताची अजान होईपर्यंत कुणी उठलं नाही.

पुढे तसनीमने हुक्का सोडला. सहज सुटला नाही. मध्ये पुन्हा धरला, पुन्हा सोडला. एकीने तसनीमच्याही आधी सोडला. झुबेदाने सोडला नाही, पण ती खिडकी उघडी ठेवून बसते आणि नळी कुणाला देत नाही. चौथी माहेरी गेली, तिचं काय झालं ठाऊक नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी नमाज आटोपून गुरुशिष्य टेकडीच्या पायऱ्या चढायला लागले.

सुहैलच्या अंगात बऱ्याच दिवसांनी जोर आला होता. तो भराभर चढत होता आणि बोलत होता. आता त्याला कळलं होतं, कुठे चुकलं ते. बायकांसाठी वेगळा कार्यक्रम घ्यायचा. प्रत्येक मोहल्ल्यात एक. पुरुषांना वेगळं सांगायचं, पोरांना वेगळं. लोकांचं ऐकलं पाहिजे, हे तर सगळ्या तालुक्याला सांगायला हवं. आजूबाजूच्या गावांत असं कुणीच करत नाही. नवीन पत्रक काढायचं, त्यात पहिलीच ओळ ती…

बोलता बोलता तो वरच्या पायऱ्यांवर पोचला. मागे वळला. बाबा फार खाली होते. एका पायरीवर टेकले होते, काठी आडवी मांडीवर, श्वास लागलेला.

“बाबा,” सुहैलने वरून विचारलं, “ऐकताय ना?”

बाबांनी श्वास जमू दिला. मग मान वर केली.

“खाली ये, बेटा,” ते म्हणाले. “एवढ्या वरून मला ऐकू येत नाही.”