वानराने हाक देताना केलेला विचार

एका सागवानी जंगलात, पाणवठ्याशेजारच्या उंबरावर, एक वानर राहत असे. पहाऱ्याचे काम त्याच्याकडे त्याच्या बापाकडून आले होते. उंबराखाली चितळांचा कळप चरे. मान खाली घालून चरणाऱ्याला लांबचे दिसत नाही, म्हणून वानराने वर बसून पाहायचे आणि बिबट्याची चाहूल लागली की 'खॅक, खॅक' असा खोकल्यासारखा आवाज काढायचा, अशी रीत होती. तो आवाज आला की चितळे वर न पाहता पळत सुटत. का, कुठे, किती लांब, असे कोणी विचारत नसे. त्या बदल्यात वानरे पाणी प्यायला खाली उतरली की चितळे वारा हुंगून त्यांची राखण करीत.

जंगलाच्या कडेला एक जुना डाकबंगला होता. त्याच्या व्हरांड्यात तीन वर्षे पिंजऱ्यात काढून एक मैना सुटून आली आणि येताना इंग्रजी घेऊन आली. मुलांनो, इंग्रजी घेऊन आलेल्याला आपल्याकडे लगेच पुढची जागा मिळते. जंगलातही तसेच झाले, आणि आठवड्याभरात उंबराखाली मैनेचा वर्ग सुरू झाला.

"इंग्रजीचा सगळा डौल छोट्या शब्दांत असतो," मैना म्हणाली. "कॅन म्हणजे जमतं. शुड म्हणजे करावं, पण नाही केलं तरी कोणी मारत नाही. मस्ट म्हणजे करायलाच हवं. मे म्हणजे परवानगी आहे. आणि मे म्हणजे कदाचितसुद्धा."

"मग माइट?" अस्वलाने विचारले.

"तेही कदाचितच. पण जरा जास्त कदाचित."

"आणि कुड?"

"तो कॅनचा भूतकाळ. पण बंगल्यातले साहेब जेवताना 'कुड यू पास द सॉल्ट' म्हणाले, तर मीठ आत्ताच द्यायचं."

"काल नाही?"

"काल नाही."

अस्वलाने डोके खाजवले. "खानसाम्याला ते 'कॅन यू मेक टी' म्हणतात, असं तू सांगितलंस. वीस वर्षं चहा करतोय तो. अजून त्याला विचारतात, जमेल का म्हणून?"

"विचारत नाहीत. चहा आण म्हणून सांगतात."

"मग चहा आण असंच का नाही म्हणत?"

"ते अडाणीपणाचं दिसतं," मैना म्हणाली.

अस्वल उठून मध शोधायला निघून गेले. खरे सांगतो, त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. मी चाळीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, तरी मे आणि माइट यांतला फरक कोणी विचारला की मला आजही घाम फुटतो.

वानराच्या मनात मात्र तो अडाणीपणाचा शब्द रुतून बसला. आपले ते खोकणे त्याला लाजिरवाणे वाटू लागले. शिवाय दोन-तीनदा त्याने हाक दिली होती आणि झुडपातून नुसते रानडुक्कर बाहेर आले होते. त्या वेळी मुंगूस त्याला खूप हसले होते, ते तो विसरला नव्हता. आता हे नवे शब्द त्याला फार आवडले. माइट म्हटले की बिबट्या आला तरी आपण बरोबर आणि नाही आला तरी बरोबर. वर्गात तोच पहिला येऊ लागला.

एका दुपारी कळपातली एक हरिणी आपल्या आठ दिवसांच्या पाडसाला घेऊन उंबराखाली चरत होती. समोरच्या उंच गवतात काहीतरी हलले, आणि एक ठिपकेदार शेपूट दिसून नाहीशी झाली. वानराच्या घशाशी खोकला आला. त्याने तो गिळला.

"ताई," तो वरून म्हणाला, "त्या गवतात बिबट्या असू शकतो. म्हणजे, माइट बी."

हरिणीने मान वर केली. आजवर वरून आवाज येई, वाक्य कधी आले नव्हते. "म्हणजे आहे का?"

"तसं ठाम सांगता येणार नाही. यू शुड गो."

"शुड म्हणजे नाही गेलं तरी चालतं, तेच ना?"

"एका अर्थी तेच. पण..." वानर शेजारच्या फांदीवरच्या मैनेकडे वळला. "बाई, इथे मस्ट लावू का?"

"खात्री असेल तर लाव."

"शेपूट दिसली. बाकीचा नाही दिसला."

"मग मस्ट बी म्हण. म्हणजे असलाच पाहिजे."

"पण मस्ट म्हणजे करायलाच हवं ना? बिबट्याने काय करायलाच हवं?"

खाली सगळा कळप माना वर करून उभा होता. कोणी पळत नव्हते आणि कोणी चरतही नव्हते. हरिणी एकदा वर पाही, एकदा गवताकडे, एकदा पाडसाकडे. "दादा," ती म्हणाली, "मी पळू की नको, एवढंच सांग."

वानराने तोंड उघडले, तेवढ्यात गवत फाकले आणि बिबट्याने झेप घेतली. मैना केव्हाच उडाली होती. निघताना तिने कोणताच शब्द वापरला नाही. वानराच्या घशातून आपोआप 'खॅक' निघाले आणि कळप उधळला. पण पाडसाच्या मागच्या पायावर पंजा बसलाच. ते कसेबसे करवंदीच्या दाट जाळीत घुसले आणि बिबट्याला आत शिरता आले नाही, म्हणून वाचले. तो पाय मात्र कायमचा अधू झाला.

कळप उंबराखाली यायचा बंद झाला आणि टेकडीपलीकडे चरू लागला. हुंगणारे कोणी नाही म्हणून वानरांना पाण्यावर उतरायची भीती वाटू लागली. चौथ्या दिवशी वानर फांद्या धरत टेकडीपलीकडे गेला. हरिणी पाडसाचा पाय चाटत बसली होती.

"ताई," वानर म्हणाला, "मी खोटं काही बोललो नाही. माझा एकही शब्द चुकला नव्हता."

"नव्हताच चुकला," हरिणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे वानराला जास्तच अवघडल्यासारखे झाले. "पण चुकला असता, तर काय झालं असतं, दादा? बिबट्या नसता आणि आम्ही उगाच पळालो असतो. थोडी धाप लागली असती. मग परत येऊन चरलो असतो. तू एवढ्याला घाबरलास."

वानराने सहाही शब्द मनात फिरवून पाहिले. पाडस उठले आणि तीन पायांवर उड्या मारत आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. ते पाहून वानराला रडू आले.

तात्पर्य : आपल्या हाकेवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असेल, तर आपले चुकेल का हा विचार हाक देऊन झाल्यावर करावा.