हाळी

खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांचं एक गाव होतं. तिथे होडी परत आली की मालक हाळी घालायचा आणि ऐकणारा प्रत्येक जण हातातला घास टाकून किनाऱ्याकडे धावायचा. होडी कुणाची, हे कुणी विचारत नसे. भांडण असो की अबोला, दोर धरायचाच. एक जण 'होऽय' म्हणे, सगळे मिळून हिसका देत आणि होडी वाळूवर येई.

मोतीराम तांडेलाला या सगळ्याचा कंटाळा आला. त्याने होडी ओढायचं विजेचं यंत्र आणलं. बटण दाबलं की होडी वर! छानच झालं की, कंबर वाचली. पण शेजारच्या भिकाजीने हाळी घातली, तेव्हा मोतीराम ओट्यावरून हलला नाही.

"मी कुणाला बोलवत नाही, मलाही कुणी बोलवू नका," तो म्हणाला. "तूही घे की यंत्र!"

भिकाजीने घेतलं. मग सगळ्यांनीच घेतलं. काही वर्षांत हाळी बंदच पडली.

एका संध्याकाळी वादळ आलं आणि वीज गेली. मोतीरामचा मुलगा दिगंबर किनाऱ्याशी पोचतच होता, तोच लाटेने त्याची होडी उलटली. उथळ पाण्यात तो तिच्याखाली अडकला. आतून फळ्यांवर मुठी मारत होता. जिवंत होता हो पोरगा!

मोतीरामने होडीला दोर बांधला आणि घसा फुटेस्तोवर हाळी घातली. भिकाजी दारात आला. "वीज येईल इतक्यात," म्हणाला. "यंत्र आहे ना तुमच्याकडे?" बाकीचे खिडकीतून बघत राहिले. दुसरं कुणीतरी जाईलच, असं प्रत्येकाला वाटलं. चार-पाच जण आले, पण एक ओढी तेव्हा दुसरा दम खाई. मऊ पडलेले तळवे सोलून निघाले, तसे दोघे मागे सरले. "नाही जमत हो," म्हणाले. भरती चढत गेली. मुठींचा आवाज थांबला.

मग मात्र सगळा गाव खाली आला. दिगंबरची आई त्यांच्या अंगावर धावून गेली. "मेल्यांनो, आता कुणासाठी आलात?"

मोतीरामने तिला धरलं. "त्यांना नको बोलूस," तो म्हणाला. "हे मीच शिकवलं त्यांना."

तात्पर्य: सोय जरूर करून घ्यावी, पण तिच्या जोरावर शेजाऱ्याची हाक टाळू नये; कष्टाची आणि एकमेकांसाठी धावण्याची सवय एकदा मोडली, की ऐन संकटात ती परत येत नाही.