खोक्यातली नळी

"एकदाही न वापरलेली नळी मरते कशी, चाचा?"

 बाबालाल चाचांनी मांडीवरचं लांबट खोकं उघडलं आणि थर्माकोलमधून लेझरची काचेची नळी अलगद बाहेर काढली.

चाचांनी कोल्हापुरात पन्नास वर्षं निऑनच्या पाट्या केल्या. काच तापवून वळवायची, आत गॅस भरायचा, तोंड बंद करायचं. समोर बसलेला धैर्यशील इंगवले दोन वर्षं त्यांच्याकडे हेच काम शिकला होता. आता तो कॉलेजात शिकवतो. त्यामुळे त्याला समजावून सांगायची सवय लागली आहे आणि समजून घ्यायची मोडली आहे.

त्याने सगळं सांगितलं. लेझरने लाकडावर अक्षरं कोरायचं यंत्र त्याने हौसेने घरी बसवलं होतं. यंत्राबरोबर आलेली एक नळी होतीच. ही दुसरी त्याने चीनहून मागवली, परवडणाऱ्यांतली सगळ्यात चांगली. आईने फाटकावरच्या पाटीसाठी घराचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. ते याच नळीने कोरायचं, पण हात बसल्यावर. तोवर खोकं दोन वर्षं कपाटात होतं.

गेल्या महिन्यात आई गेली. तेरावं झाल्यावर त्याने नळी यंत्रात बसवली. आत पांढुरका उजेड पडला, लाकडावर डागसुद्धा उठला नाही.

"पाणी?"

नळी गार ठेवायला शुद्ध पाणी होतं, आत बुडबुडा नव्हता, करंट बेताचा होता. धैर्यशीलने बोटांवर मोजून दाखवलं.

चाचांनी नळीच्या टोकाच्या जोडावरून अंगठा फिरवला.

"जोडातनं गॅस झिरपतोच. वापर न्हाईतर नुसती ठेव, झिरपायचा थांबत न्हाई."

"म्हणजे विकणाऱ्यानं फसवलं नाही?"

"न्हाई."

धैर्यशील खट्टू झाला. कुणीतरी फसवलेलं त्याला हवं होतं.

"मी किती जपली हिला, चाचा. दर रविवारी बाहेर काढून मऊ फडक्यानं पुसायचो."

"आई बघायची?"

"शेजारीच बसायची. विचारायची, आज पाटी कोरतोस काय रे..."

चाचांनी नळी उजेडाकडे धरली.

"आणि जुनी नळी?"

"ती चालतेय अजून."

"तिच्यावर काय केलंस दोन वर्सं?"

"सराव. चाव्यांना लावायचे बिल्ले. कॉलेजातल्या लोकांच्या नावाच्या पाट्या."

"अक्षर बरं उठायचं?"

"उठायचं..."

मी चाचांचा शेजारी, तिथेच चहा घेत बसलो होतो. खरं सांगतो, मला त्याची कीव आली नाही. रागच आला.

धैर्यशीलने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि खिशातून मोबाइल काढला. आता नवी मागवायची, म्हणाला. आईचा कागद त्याने प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे. या वेळी अजिबात घाई करायची नाही. नीट चौकशी करू, जास्तीत जास्त टिकणारी बघू, एखादं वर्ष गेलं तरी चालेल.

"तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?"

चाचांनी मेलेली नळी थर्माकोलमध्ये नीट बसवली. झाकण लावलं. वरून सुतळी बांधली. मग खोकं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हीच ने. दर रविवारी पुसत जा."